पावणेसहा फूट

अण्णा शिरगुप्प्यांनी पेपर माझ्या नाकासमोर धरला आणि विचारलं, "ह्याचं डोकं कुठाय?"

बातमी माझी होती. बेंदवाडीत ग्रामवाचनालयाच्या नव्या खोलीचं उद्घाटन. मजकूर आणि फोटो गावाकडूनच आले होते. फोटोत सरपंच, ग्रामसेवक, दोन गुरुजी आणि उजव्या कोपऱ्यात एक पांढरा सदरा होता. सदऱ्याच्या वर गळा होता आणि गळ्याच्या वर फोटो संपला होता.

"फोटोग्राफरचं चुकलं," मी म्हटलं.

"फोटोग्राफरचं न्हाई चुकलं. माणूसच फोटोत मावंना. सरपंच बघ. त्याची टोपी ह्याच्या खांद्याला लागतीया."

शेजारी बसलेल्या हळब्यांनी चष्मा पुसला. हळबे निवृत्त पोस्टमास्तर. खिशातली सहा इंची पट्टी काढून त्यांनी फोटोवर उभी-आडवी लावली आणि पेपरच्या समासात त्रैराशिक मांडलं. "सरपंचांना मी ओळखतो. पाच फूट तीन इंच. म्हणजे हे गृहस्थ सहा फूट चार इंच. अर्धा इंच इकडेतिकडे."

अण्णांनी समोरच्या सिमेंटच्या कोर्टाकडे बघितलं. तिथे आमच्या कृष्णातीर कॉलेजचा बास्केटबॉल संघ नुकताच सलग अकरावा सामना हरून पाणी पीत होता. एकाहत्तर विरुद्ध अठरा. संघातला सगळ्यांत उंच मुलगा पाच फूट आठ इंचांचा होता आणि त्याला चेंडू डोळ्यांसमोर आला की डोळे मिटायची सवय होती.

संघाचे प्रशिक्षक जगदाळे सर त्या वेळी रिंगखालच्या रिकाम्या बाटल्या गोळा करत होते. ते माझे वडील. हे मी बातमीत कधी लिहिलं नाही. बातमीत मी 'प्रशिक्षकांचे डावपेच पुन्हा निष्प्रभ' असं लिहायचे, आठच्या आत फोनवरून सांगलीच्या कचेरीत सांगायचे आणि घरी जाऊन आबांच्या ताटाशेजारी ताट मांडायचे. आबा त्याबद्दल काही बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले होते, "निष्प्रभ हा शब्द गेल्या वेळीही होता."

आबा मूळचे खो-खोचे. दोनदा राज्याच्या संघातून खेळलेले. कॉलेजात कुणाच्यातरी देणगीतून बांधलेलं बास्केटबॉलचं जुनं कोर्ट होतं आणि जिमखान्याचा माणूस म्हणून तेही त्यांच्या गळ्यात पडलं. त्यांनी पोरांना जे येत होतं ते शिकवलं. आमचा संघ पळायचा सुरेख. हुलकावणी अशी द्यायचा की समोरचा गडी तोंडावर पडावा. फक्त या गडबडीत चेंडू मागे राहायचा. हळब्यांच्या वहीप्रमाणे त्या दिवशी आम्ही रिंगकडे त्रेसष्ट वेळा चेंडू फेकला होता आणि सात वेळा तो आत गेला होता. त्यातला एक प्रतिपक्षाच्या रिंगमध्ये.

"खो-खोचा माणूस," अण्णा रोज म्हणायचे. "उद्या कुस्तीला पोहण्याचा मास्तर आणा म्हणावं." अण्णांचं भांड्यांचं दुकान होतं. तीस वर्षांपूर्वी ते स्वतः या कॉलेजकडून खेळले होते, आणि तेव्हाचा संघ वर्षागणिक चांगला होत चालला होता.

पण त्या दिवशी गोष्ट टोमण्यांच्या पुढे गेली होती. प्राचार्यांनी आबांना बोलावून सांगितलं होतं की पाच ऑक्टोबरचा घरच्या मैदानावरचा सामना बघायला ते जातीने येतील, आणि 'जागेचा अधिक उपयुक्त वापर' यावर निर्णय घेतील. उपयुक्त वापर म्हणजे स्कूटर स्टँड. आबांची नोकरीची तीन वर्षं राहिली होती. त्यांना मग व्यायामशाळेच्या किल्ल्या सांभाळायच्या होत्या आणि स्टँडवर लक्ष ठेवायचं होतं. त्यांनी हे घरी सांगितलं नव्हतं. मला प्राचार्यांच्या शिपायाकडून कळलं.

"ऑगस्टअखेरपर्यंत उशिराचे प्रवेश चालू आहेत," हळबे म्हणाले.

"मग उद्या रविवार. जाऊन पोरगं बघून येऊ," अण्णा म्हणाले.

आबा, अण्णा आणि हळबे असे तिघे निघणार होते. पण तीन माणसं शुभकार्याला जात नाहीत, असं हळब्यांचं म्हणणं पडलं. चौथी म्हणून मला घेतलं.

अण्णांच्या मेटॅडोरमधून गेलो. वाटेत विट्याच्या एका दुकानात माल टाकायचा होता, पण रविवारी ते दुकान बंद निघालं. त्यामुळे बेंदवाडीत आम्ही शिरलो ते दोन पिंप, पाच घागरी, पातेल्यांची उतरंड आणि सहा डझन ताटं वाजवत. मी नेसले होते ती आईने हट्टाने नेसवलेली बरी साडी. हे सगळं बाहेरून कसं दिसत असेल, याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नाही.

डोकं नसलेल्या माणसाचं घर सापडायला वेळ लागला नाही. "निकमांचा सर्जेराव का? व्हय व्हय. या की," म्हणत अर्धं गाव मेटॅडोरमागे चालत आलं. दाराची चौकट इतकी बुटकी की हळबेसुद्धा वाकले.

घरात कर्तं माणूस म्हणजे सर्जेरावची आई, हौसाबाई. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. त्यांनी मागच्या दारी वाकून काहीतरी सांगितलं, आणि आम्ही टेकेपर्यंत सर्जेराव आत येऊन घोंगडीवर बसलासुद्धा. बसला म्हणजे घडी करून ठेवल्यासारखा. गुडघे कुठे संपतात आणि माणूस कुठे सुरू होतो, ते कळत नव्हतं.

"जरा उभा राहतोस का, बाळ?" आबा म्हणाले.

"त्येचा पाय मुरगाळलाय," हौसाबाई म्हणाल्या. "बसूंद्या."

"उंची किती?" हळब्यांनी वही काढली.

"फार न्हाई वो. पावणेसहा."

अण्णांचा चेहरा पडला. हळब्यांनी वहीतलं त्रैराशिक पुन्हा तपासलं.

"एवढीच?" अण्णा म्हणाले.

"एवढीच," हौसाबाई ठामपणे म्हणाल्या. "लोक काय बी सांगत्यात. बसल्यावर तर आजिबात वाटत न्हाई."

आबांनी मग आपल्या पद्धतीने तपास सुरू केला. दम लागतो का. लांबचं दिसतं का. पंजा दाखव. व्यसन?

"सुपारीबी न्हाई," हौसाबाई म्हणाल्या.

"उडी कशी मारतो?" अण्णांनी विचारलं.

हौसाबाई गोंधळल्या. "उडी कशाला लागती?"

"आमच्याकडं लागती."

पोहे आले. सगळ्यांना देऊन झाल्यावर हौसाबाईंनी मला आत बोलावलं, पाटावर बसवलं आणि हळदीकुंकू लावलं. मग माझा हात हातात घेऊन, नखांपासून कोपरापर्यंत नीट बघून त्यांनी विचारलं, "सैपाक येतो?"

तेव्हा माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. बाहेर चार वडीलधाऱ्यांसारखी वागणारी तीन माणसं, दारात भांड्यांनी भरलेली गाडी, आणि नेसून-सवरून आलेली मी.

"बरा येतो," मी म्हटलं. खरं तेच सांगायची सवय होती.

"दिसभर काय करतीस?"

"पेपरात लिहिते."

याआधी माझी तीन स्थळं याच वाक्यावर मोडली होती. हौसाबाईंनी थोडा विचार केला. "मला वाचाया येत न्हाई. वाचून दावशील?"

मी मान हलवली आणि हात धुवायच्या निमित्ताने परसात गेले. बाहेर जाऊन आबांना सांगायचं, माफी मागायची आणि निघायचं, असं ठरवलं होतं. परसात गोठ्याशी सर्जेराव उभा होता. सरळ उभा. माळ्यावरची वैरण तो शिडी न लावता काढत होता, आपण फडताळातून डबा काढतो तशी.

"पाय बरा झाला?" मी विचारलं.

त्याने दचकून मान खाली घेतली. "तुमी बास्केटबॉलवाल्या न्हवं का? आत्ता आईला सांगितलंसा ते ऐकलं. तुमचं वाचतो मी वाचनालयात. अकरा हरला न्हवं?"

"अकरा. म्हणजे तुम्हाला माहीत आहे आम्ही कशाला आलोय."

"गाडीतनं उतारल्याबरूबर वळखलं. सरांच्या गळ्यात शिट्टी हाय. पोरगी द्यायला शिट्टी घालून कोण येतंय?"

"मग घरी सांगितलं का नाही?"

तो वैरणीची पेंढी सोडत राहिला. "सा वर्सं आई माझ्यासाठी पोरगी बघतीया. समदे म्हणत्यात, ह्येच्या शेजारी आमची पोरगी फुलपात्रागत दिसंल. मग आई उंची कमी सांगाया लागली. दरसाल इंचभर. आज सा वर्सांनी कुणीतरी आपणहून आलं. गाडी दारात आल्यापास्नं तिनं तीनदा पोहं निवडलं." मग म्हणाला, "आनि खरं सांगितलं तर ती मला कॉलेजात धाडायची न्हाई. मला यायचंय."

"खरी उंची किती?"

"सा फूट चार."

हळबे अर्ध्या इंचानेसुद्धा चुकले नव्हते.

आम्ही दोघांनी तिथेच गोठ्यात ठरवलं. आत्ता काही बोलायचं नाही. पाच ऑक्टोबरचा सामना होऊ द्यायचा. मग आमच्याकडून निरोप जाईल की पत्रिका जुळत नाही. त्यात कुणाचा अपमान नसतो, ग्रहांवर ढकलता येतं. मी तोवर कुणाला मुद्दाम फसवलेलं नव्हतं. पण डोळ्यांसमोर स्कूटर स्टँडवर लक्ष ठेवणारे आबा आले.

आत आले तर मंडळी उठायच्या बेतात होती. अण्णा हळब्यांच्या कानात "पावणेसहासाठी एवढं डिझेल जाळलं," म्हणत होते.

"आबा," मी म्हटलं, "मी बघितलंय. नाही म्हणू नका."

दारातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. आबांचा माझ्या नजरेवर विश्वास होता. ते म्हणाले, "मग आम्हाला मुलगा पसंत आहे. येत्या आठवड्यात घेऊन जातो. राहणं, जेवण, सगळं आमच्या देखरेखीखाली."

"म्हंजे तिकडंच ठिवायचं म्हणता?" हौसाबाईंनी सावध होऊन विचारलं. घरजावई हा शब्द त्यांच्या कपाळावर मला वाचता आला.

"सणासुदीला धाडू की," आबा म्हणाले.

हौसाबाईंनी क्षणभर लेकाच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि आबांच्या हातावर साखर ठेवली. परतीच्या वाटेवर आबा म्हणाले, माणसं फार आतिथ्यशील आहेत. हळब्यांनी वहीत 'साखर दिली' अशी नोंद केली.

सर्जेराव हॉस्टेलला राहायला आला. त्याला उभा बघून अण्णा दोन दिवस टोमणे विसरले. तिसऱ्या दिवशी त्यांना आठवले, कारण सर्जेराव रिंगखाली गेला की वाकायचा. जन्मभर चौकटींवर कपाळ आपटलेलं. डोक्यावर काही दिसलं की तो गुडघ्यांत बसायचा आणि पाच फूट आठ इंचांचा मुलगा त्याच्या वरून डोळे मिटून चेंडू फेकायचा.

"अरे, रिंग दहा फुटांवर आहे," आबा समजावायचे.

"मला ठावं हाय, सर. डोस्क्याला न्हाई."

"मिळाला तोही मुडपलेला," अण्णा म्हणाले. "आता ह्याला इस्त्री कोण करणार?"

मी रोज पाचला कोर्टावर जात होते. बातमीसाठी रोज जायची गरज नव्हती. सराव संपला की सर्जेराव पायऱ्यांवर, माझ्याहून दोन पायऱ्या खाली बसायचा, म्हणजे आमची डोकी सारखी यायची. तो माझी जुनी बातमी काढून विचारायचा, "हितं 'दारुण' का लिव्हलंय? 'मोठा' का न्हाई?" बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असायचं.

पाच ऑक्टोबरला प्राचार्य खुर्ची टाकून बसले. समोर कोल्हापूरचा पॉलिटेक्निकचा संघ. बघायला आम्ही तिघे, वॉचमन आणि शिपाई. मध्यंतराला आम्ही बावीस विरुद्ध अकरा असे मागे होतो आणि प्राचार्य पावलांनी कोर्टाची लांबी मोजत होते.

तेवढ्यात फाटकातून हलगीचा आवाज आला. पाठोपाठ दोन ट्रक आत आले. बेंदवाडीची सगळी भावकी उतरली. फेटे, नऊवारी, झाकलेली ताटं. सर्वांत पुढे हौसाबाई. सर्जेरावने रविवारी घरी यायला जमणार नाही असं कळवलं होतं, कारण कळवलं नव्हतं. तेव्हा, पोरगं येत नाही तर आपणच जाऊन पोरीला कुंकू लावून यावं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"एवढे प्रेक्षक?" प्राचार्य उभेच राहिले. कुणीतरी त्यांच्या हातात पेढा ठेवला.

दुसरा डाव सुरू झाला. सर्जेरावकडे चेंडू आला, तो रिंगखाली गेला आणि वाकला. आबा नेमके त्याच्या पाठीमागे रेषेबाहेर उभे होते. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "खो."

बेंदवाडीच्या शाळेत एकच खेळ होता. पाठीमागून खो मिळाला की बसलेल्या गड्याने उठायचं. सर्जेराव सरळ उठला, सहाच्या सहा फूट आणि वरचे चार इंच, आणि चेंडू वरून टाकावा तसा रिंगमध्ये टाकून आला.

हलगी कडाडली. आबा खो देताना पुढे झालेल्या स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी रेषेबाहेरची ती जागा सोडली नाही. सर्जेराव वाकायचा, आबा खो द्यायचे, सर्जेराव उठायचा. अण्णा पहिल्यांदा गप्प बसले होते. हळब्यांची पेन्सिल तुटली. गावाला नियम माहीत नसल्यामुळे हलगी दोन्ही बाजूंच्या बास्केटला वाजत होती, त्यामुळे पॉलिटेक्निकवालेसुद्धा खुशीत होते.

एकच माणूस घाबरं झालं होतं. लेक दरवेळी पुरता उभा राहत होता, तेही मुलीकडच्यांच्या डोळ्यांदेखत. सहा वर्षं झाकलेलं सगळं उघड्यावर आलेलं. हौसाबाई पदर सावरत रेषेपर्यंत आल्या आणि ओरडल्या, "बारक्या, वाक."

सर्जेराव वाकला.

"खो," आबा म्हणाले. सर्जेराव उठला.

"वाक म्हणती ना."

शेवटची दहा मिनिटं सामना असा चालला. चेहऱ्यावरचा घाम पुसायलाही सर्जेरावला उसंत नव्हती. त्रेचाळीस विरुद्ध बेचाळीस असे आम्ही एका गुणाने मागे, काही सेकंद उरलेले, चेंडू रिंगच्या कडेवर आपटून बरोबर सर्जेरावच्या डोक्यावर येत होता. आबांनी खो दिला. हौसाबाईंनी वाक म्हटलं. दोन्ही एकाच वेळी.

त्याने आईचं ऐकलं. चेंडू त्याच्या वरून गेला आणि शिट्टी वाजली.

"त्या बाईला प्रशिक्षक कुणी नेमलं?" अण्णांनी मला विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बेचाळीस गुण त्यांनी या कोर्टावर एकोणीसशे त्रेसष्टनंतर पाहिले नव्हते.

प्राचार्य आबांचा हात हलवत होते. युवक महोत्सवालाही एवढी गर्दी होत नाही, आणि हरल्यावर हलगी तर त्यांनी कुठेच ऐकली नव्हती. स्कूटर स्टँड हॉस्टेलच्या मागे करता येईल, असं ते तिसरा पेढा खाताना म्हणाले.

मी पायऱ्यांवर बसून गुणपत्रिकेच्या पाठीवर बातमी लिहीत होते. फोन करायला अजून वेळ होता. हौसाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. हातातलं ताट झाकलेलंच होतं.

"पोरी, आमी खोटं बोललो," त्या म्हणाल्या. "तुमी मोडलं तरी आमचं काय म्हणणं न्हाई."

मागे, कोर्टाच्या फाटकाशी, सर्जेराव उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. पत्रिका जुळत नाही, हे वाक्य बोलायची वेळ हीच होती. आम्ही ते दोघांनी मिळून पाठ केलं होतं.

"काय खोटं बोललात?" मी विचारलं.

"उंचीचं."

"थांबा, वाचून दाखवते," मी म्हटलं आणि कागद वर धरला. "'कृष्णातीर कॉलेजचा सलग बारावा पराभव. पावणेसहा फूट उंचीच्या सर्जेराव निकम याने एकाकी झुंज देत चोवीस गुण मिळवले. प्रशिक्षक जगदाळे यांचे डावपेच प्रभावी ठरले.'"

हौसाबाईंनी कागदावरच्या अक्षरांवर बोट टेकवलं. मग त्यांनी विचारलं, "आसं छापून येनार?"

"असंच."

त्यांनी ताटावरचा रुमाल काढला. माझ्या कपाळावर कुंकू टेकत असताना आबा हातात चार रिकाम्या बाटल्या घेऊन आले आणि तिथेच थबकले.

"हे काय चाललंय?"

"सांगते, आबा," मी म्हटलं. "आधी बाटल्या खाली ठेवा."

दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली. तिसऱ्या दिवशी हळब्यांचं पत्र कचेरीत आलं. सोबत आकृती होती. 'आपल्या वार्ताहराने खेळाडूची उंची सात इंचांनी कमी दिली आहे. कृपया दुरुस्ती प्रसिद्ध करावी.'

त्याला आता तीस वर्षं झाली. एवढ्या काळात माझ्या हातून झालेली प्रत्येक चूक मी दुसऱ्या दिवशी, आतल्या पानाच्या कोपऱ्यात, चौकट करून दुरुस्त केली आहे. हळब्यांचं पत्र तेवढं अजून माझ्या खणात आहे. सासूबाई रोज सकाळी माझ्याकडून पेपर वाचून घेतात, आणि तो कोपरा त्या कधी चुकवत नाहीत.